मोजून प्यायची बुद्धी दे

हे मंगलमूर्ती, पवनेच्या काठी चिंचवडात बसलेल्या देवा, मोरया,

आज मी तुझ्याकडे पाऊस मागायला आलेलो नाही. तो मागणारे पुष्कळ आहेत, आणि तू तो देतोसही. लोणावळ्याच्या माथ्यावर तू वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या वर पाणी ओततोस. तिथून लोकलनं तासाभरात आम्ही चिंचवडला उतरतो, आणि तेवढ्या अंतरात ढगांचं ओझं घाटावरच रिकामं झालेलं असतं; आमच्या वाट्याला सातशेच्या आसपास उरतो. पुढे चाकण, शिरूर, दौंड असा तो विरळ होत जातो आणि खाली माझ्या माण तालुक्यात कसाबसा पाचशेपर्यंत पोचतो, कित्येक वर्षी तेवढाही नाही. समुद्राकडून येणाऱ्या वाऱ्याला तू डोंगर आडवा घातलास, एका अंगाला कोकण केलंस आणि दुसऱ्या अंगाला आम्हाला ठेवलंस. त्याबद्दल माझं भांडण नाही. डोंगर हलवता येत नाही, हे म्हसवडकडच्या पोराला शाळेत जायच्या आधी कळतं.

आज मला तुझ्याशी वाळवंटाबद्दल बोलायचं आहे. उन्हाळ्यात टँकर वेळेवर आला नाही की आमच्या मोशीतल्या सोसायटीच्या ग्रुपवर कुणीतरी लिहितंच, आता आपलं राजस्थान होणार. मी ते वाचतो आणि मनात म्हणतो, मोरया, त्या राजस्थानची एवढी बदनामी कशासाठी? तूच घडवलेल्या भूमीला आम्ही शिवीसारखं वापरतो. म्हणून आधी तिच्यासाठी तुझे आभार मानू दे, मग माझं मागणं मांडतो.

वर्षाला अडीचशे मिलिमीटरहून कमी पाणी मिळणाऱ्या भूमीला जाणकार वाळवंट म्हणतात. पृथ्वीच्या जमिनीचा पाचवा हिस्सा तरी तू असा ठेवला आहेस. त्यातलं सगळ्यात मोठं वाळवंट बर्फाचं, अंटार्क्टिकाचं. उष्ण प्रदेशांत सगळ्यात मोठा सहारा, नव्वद लाख चौरस किलोमीटरांच्या वर, म्हणजे जवळजवळ तीन भारत मावतील एवढा. आणि त्यातही वाळूपेक्षा खडक आणि दगडगोटेच जास्त. गोबीत हिवाळ्यात पारा शून्याखाली चाळीस अंशांपर्यंत उतरतो. चिलीतल्या आरिका शहरात वर्षाची पावसाची सरासरी एक मिलिमीटरसुद्धा भरत नाही, तरी तिथे माणसं राहतात, लग्नं करतात, पोरं शाळेत जातात.

या भूमीवर तू जीव ठेवलेस ते किती निगुतीनं! नामिबच्या टेकाडांवर पहाटे धुकं येतं तेव्हा एक काळा भुंगेरा चढणीच्या कडेला जाऊन डोकं खाली, पाठ वर करून उभा राहतो. धुक्याचे थेंब पाठीवर जमतात, ओघळत तोंडाशी येतात, आणि त्याचा दिवस भागतो. त्याच नामिबमध्ये वेल्विचिया नावाची वनस्पती आहे. जन्मभर तिला पानं दोनच, आणि तो जन्म हजार वर्षांहूनही लांबतो. उंटाच्या मदारीत तू चरबी भरलीस, त्याच्या रक्तपेशी लंबगोल केल्यास, म्हणून तहानेनं रक्त दाटलं तरी त्या वाहत्या राहतात, आणि पाणी भेटलं की त्यानं पाऊण तासाच्या आत शंभर लिटर प्यायलं तरी त्या फुटत नाहीत. अटाकामात कित्येक वर्षं बी मातीत दबून राहतं आणि एखाद्या वर्षी सर आली की मैलोगणती माळ फुलांनी भरतो. तिथल्या किनाऱ्यालगतच्या डोंगरांवर माणसांनी जाळ्या उभारून धुक्यातून पिण्याचं पाणी काढलं.

आणि ज्याला आम्ही ओसाड म्हणतो ते दुसऱ्याचं पोट कसं भरतं, हेही तू दाखवून ठेवलंस. चाडमधल्या बोडेलेच्या खोलगट भागात एके काळी तळं होतं. त्याच्या तळाची धूळ वारा उचलतो, अख्खा अटलांटिक ओलांडून ॲमेझॉनच्या जंगलावर टाकतो. सहाराच्या या धुळीतून दरवर्षी बावीस हजार टनांच्या आसपास फॉस्फरस त्या जंगलाला पोचतो, असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे. जगातलं सगळ्यात हिरवं रान कोरड्याठाक मातीच्या खतावर उभं आहे. मोरया, ही तुझी व्यवस्था बघितली की ‘पडीक’ हा शेरा मारायला हात धजत नाही.

तुला वाहतो त्या पत्रीत शमी असते. पांडवांनी शस्त्रं लपवली तीही शमीतच. खंडेनवमीला आमच्या प्रेस शॉपमध्ये मशिनी पुसून, हळदकुंकू लावून, झेंडूच्या माळा चढवून पूजा होते, तेव्हा कुणीतरी शमीची डहाळी आणतोच. हेच झाड थरच्या वाळवंटात खेजडी म्हणून उभं आहे. त्याची मुळं खोल पाण्याचा माग काढत जातात, भर उन्हाळ्यात त्याला कोवळी पालवी येते, त्याच्या शेंगांची भाजी होते, पाला शेळ्या-उंटांना, सावली सगळ्यांना. १७३० साली जोधपूरजवळच्या खेजडली गावात राजाची माणसं चुन्याच्या भट्टीसाठी ही झाडं तोडायला आली. अमृतादेवी झाडाला मिठी मारून उभी राहिली. तिच्यामागे तिच्या मुली, मग गावोगावचे बिश्नोई. तीनशे त्रेसष्ट माणसांनी माना दिल्या. दोन पैशांची पत्री तुझ्या पायावर ठेवताना तिची किंमत एकदा मोजली गेली आहे, हे माझ्या ध्यानात राहू दे.

देवा, त्या मुलखातली माणसं तू आमच्या दारात आणून ठेवली आहेस. चिंचवड, निगडी, मोशीच्या नव्या इमारतींत रंधा मारणारे कितीतरी सुतार जोधपूर-बाडमेरकडचे. आमच्या घरी कपाटं करायला आलेल्या एकानं पहिल्या जोराच्या पावसात गॅलरीत उभं राहून मला विचारलं, “इतना पानी गिरता है, रखते कहाँ हो?” मी म्हणालो, धरणात. तो म्हणाला, “वो तो सरकार का हुआ. घर का?” मला उत्तर सुचलं नाही. मग त्यानंच सांगितलं, त्याच्या घरी अंगणात टांका आहे. जमिनीखाली चुन्यानं बांधलेला गोल हौद, भोवती उताराची जागा, तिला आगोर म्हणतात. पावसाआधी आगोर झाडून लख्ख करतात, त्यावर गुरं चढू देत नाहीत. चार सरी नीट पडल्या तरी घराला प्यायचं पाणी पुरतं. जैसलमेरकडे पालीवालांनी खडीन बांधले; उताराचं पाणी मातीच्या बांधानं अडवून जिरवायचं आणि त्या ओलीवर गहू-हरभरा काढायचा. वर्षाला दोनशे मिलिमीटरसुद्धा न पडणाऱ्या भूमीत गहू! अनुपम मिश्र यांनी ‘राजस्थान की रजत बूंदें’ या पुस्तकात हे सगळं शहाणपण मांडून ठेवलं, त्याला तीस वर्षं होऊन गेली.

आणि आम्ही? २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी न्यावं लागलं. पहिल्या खेपेला दहा वाघिणी, पाच लाख लिटर. लातूरचा सरासरी पाऊस जैसलमेरच्या तिपटीहून जास्त आहे. मोरया, ज्यांना कमी दिलंस त्यांनी हौद बांधले, आणि ज्यांना बरं दिलंस त्यांनी गाडीची वाट बघितली. माझ्या शेजारच्या लाइनवर काम करणारी निम्मी पोरं लातूर, बीड, धाराशिवकडची आहेत. गावची विहीर आटली, मग भोसरीचा कॉट बेसिस, मग चाकणची ठेकेदारी, हा त्यांचा रस्ता. माझाही साधारण तोच.

आमच्या घरात बहात्तरचा दुष्काळ अजून बोलला जातो. आई सांगायची, रस्त्याच्या कामावर खडी फोडायची, सुकडी खायची, संध्याकाळी मुकादमाच्या हजेरीपटावर अंगठा. त्या दुष्काळातून रोजगार हमी उभी राहिली आणि अर्ध्या महाराष्ट्रात तिनं चुली पेटत्या ठेवल्या. माणदेशातले धनगर तेव्हाही मेंढरं घेऊन पावसाकडे चालत निघायचे, आजही निघतात. कळपाबरोबर घोड्यावर बिऱ्हाड, त्यावर कोंबड्या, पिल्लं, कधी पाळण्यातलं मूल. चाकणच्या चौकात कंटेनरांच्या रांगेत हा कळप अडकला की हॉर्नचा गदारोळ होतो. देवा, त्या हॉर्न वाजवणाऱ्यांना, त्यांत मीही आहे, एवढं कळू दे की रस्ता त्या मेंढरांचा आधीचा आहे.

आणि ही वाट किती जुनी आहे! शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. रांजणगावच्या एमआयडीसीत, तुझ्या महागणपतीच्या गावी, ज्या तालुक्यातून बसा भरून जातात तोच तालुका. डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी १९६८ पासून तिथे पुष्कळ वर्षं उत्खनन केलं. साडेतीन हजार वर्षांपूर्वी तिथे नांदतं गाव होतं. चौकोनी, ऐसपैस घरं, धान्याचं कोठार, पुराचं पाणी वळवायला बांध आणि पाट. इसवी सनापूर्वी हजाराच्या सुमारास हवा कोरडी होत गेली, असं संशोधकांनी मांडलं. मग घरं लहान झाली, गोल झोपड्या झाल्या, शेती आक्रसली, शेळ्यामेंढ्या आणि शिकारीवर पोट आलं, आणि सातशेच्या सुमारास गाव उठून गेलं. तिथल्या एका घराच्या जमिनीत मातीच्या पेटीत जपून पुरलेली देवी सापडली, शिर नसलेली, सोबत मातीचा बैल. त्या माणसांनी तिच्याकडे काय मागितलं असेल ते मी ओळखू शकतो. त्यांना हवेचा दोष भोवला. आमच्यावर तशी वेळ आली तर ती आमच्या करणीनं यावी, ही नामुष्की आमच्या नशिबी घालू नकोस.

आता चाकणच्या माळाबद्दल बोलतो. इथे पूर्वी काय होतं असं विचारलं की लोक सांगतात, काही नव्हतं, माळ होता. कांद्याचा बाजार तेवढा नावाजलेला. मग शतक बदलता बदलता मोटारींचे कारखाने आले, २००९ पर्यंत जर्मन कंपन्यांच्या गाड्याही इथून बाहेर पडू लागल्या, आणि माळाला भाव आला. त्या माळानं माझं घर चालवलं, त्याचा मी ऋणी आहे. पण मोरया, ‘काही नव्हतं’ हे खोटं आहे, आणि तुझ्यापुढे खोटं बोलवत नाही. कुसळी गवत होतं, चंडोल होते, धाविक होते, लांडग्यांची वाट होती. पुणे जिल्ह्याच्या माळांवर पखुर्डी नावाचा पक्षी आहे, थेट वाळवंटी कुळातला. त्याचा नर पाणवठ्यावर पोटाची पिसं भिजवतो, ते पाणी घेऊन उडत घरट्यापाशी येतो आणि पिल्लं त्या पिसांतून पाणी चोखतात. बारामतीजवळ सुप्याच्या मयूरेश्वर अभयारण्यात, पाचसहा चौरस किलोमीटरांच्या तुकड्यावर, चिंकारा अजून चरतो, आणि चिंकारा थरचाही रहिवासी आहे. नान्नजच्या माळढोकासाठी १९७९ मध्ये अभयारण्य झालं. आज महाराष्ट्रात तो पक्षी दिसणं हीच बातमी असते, आणि उरलेले बहुतेक जैसलमेरकडे तग धरून आहेत. वाळवंट आमच्या दाराशी आधीपासून राहत होतं, पाहुण्यासारखं नव्हे, घरच्यासारखं. सातबारावर त्याच्यापुढे पडीक लिहून आम्ही त्याला बाहेर काढलं.

आणि पाण्याचं काय केलं, तेही तू काठावरून बघतोच आहेस. पवना धरण साडेआठ टीएमसीचं. नदीतून पाणी येतं, रावेतच्या बंधाऱ्यातून आम्ही ते उचलतो, निगडीत शुद्ध करतो आणि पितो. धरणासाठी मावळातल्या माणसांनी जमिनी दिल्या. २०११ मध्ये ९ ऑगस्टला, धरणातून बंद जलवाहिनीनं पाणी थेट शहरात न्यायला विरोध करणारे शेतकरी बऊरजवळ द्रुतगती मार्गावर उतरले, गोळीबार झाला, तिघं गेले. आमच्या नळाच्या पाण्यात तेही आहेत. २०१९ च्या नोव्हेंबरपासून शहरात दिवसाआड पाणी येऊ लागलं. भामा आसखेडचं, आंद्रेचं पाणी आणायचं ठरलं, म्हणजे आणखी दोन खोऱ्यांतल्या लोकांपुढे हात पसरला. तिकडे इंद्रायणी, जिच्या काठी देहू आणि आळंदी, ती आळंदीच्या घाटावर पांढऱ्या फेसानं माखून येते आणि वारकरी त्याच पाण्यात हात जोडून उतरतात. नदी असून तिचं पाणी तोंडात घेता येत नाही, अशी स्थिती सहारात नाही. तिथे बहुतेक ठिकाणी नदीच नसते, एवढंच.

आमच्या इमारतीच्या नकाशावर पावसाचं पाणी जिरवायचा खड्डा आहे. त्याशिवाय मंजुरी मिळत नाही. प्रत्यक्षात त्या जागी दोन गाड्या उभ्या असतात. मी एकदा हिशेब केला. हजार चौरस मीटरचं छप्पर आणि सातशे मिलिमीटर पाऊस, म्हणजे सात लाख लिटर. पाचवा हिस्सा वाया गेला असं धरलं तरी दहा हजार लिटरचे छप्पन्न टँकर आमच्या डोक्यावर पडतात आणि गटारातून इंद्रायणीला जातात. मग तेच पाणी आम्ही मार्चपासून पैसे मोजून मागवतो. कुठल्या गावच्या विहिरीतून येतं, ते विचारतही नाही. एवढे टँकर दारात आणून ओततोस, आणखी काय करावंस तू?

म्हणून मागतो ते असं, मोरया.

कारखान्यांच्या पत्र्याखाली, फोर्जिंगच्या भट्टीपुढे, मे महिन्यात आठ तास उभ्या राहणाऱ्या माणसाला सावली, गार पाणी आणि ते प्यायची सुट्टी मिळू दे. आखातातल्या उन्हात काम करणाऱ्या आमच्या माणसांनाही ती मिळू दे. रस्त्याच्या कडेला पाल ठोकून राहणाऱ्या बाईच्या हंड्याला नळ मिळू दे, आणि तिच्या मुलीची शाळा पाण्याच्या रांगेत बुडू नये.

मावळातल्या, खेडमधल्या ज्या शेतकऱ्यांच्या जमिनीवर आमचं पाणी उभं आहे त्यांना आधी न्याय मिळू दे, मग आमच्या नळाला दाब वाढू दे. पाणी सोडण्याचा अधिकार ज्यांच्या हाती आहे त्यांच्या मनात तुझी भीती राहू दे. नदीत काळं पाणी सोडणाऱ्या हाताला रात्रीसुद्धा कुणीतरी बघतंय, याची जाणीव राहू दे.

उरलेल्या माळाला माळ राहू दे. पखुर्डीच्या पिल्लांसाठी थोडं गवत, चिंकाऱ्यासाठी थोडं अंतर, लांडग्यासाठी एक ओढा एवढं आमच्या नकाशांवर कोरं ठेवायची दानत दे. जिथे झाडं नैसर्गिकरीत्या नव्हतीच तिथे वृक्षारोपणाचे फोटो काढायची हौस आवर, आणि जिथे शमी, बोर, बाभूळ, हिवर आपसूक आहेत तिथे कुऱ्हाड आवर.

थरमधल्या, नामिबमधल्या, गोबीतल्या, अटाकामातल्या तुझ्या लेकरांना सुखी ठेव. हवा तापत चालली आहे, त्यांच्या सरी चुकू लागल्या तर दोष त्यांचा नसेल. तो धूर आमच्याकडच्यासारख्या पट्ट्यांतून गेलेला आहे, आणि आमच्याहून मोठ्या पट्ट्यांतून. त्यांचं शहाणपण त्यांच्यापाशी टिकू दे आणि आम्हाला ते शिकायची नम्रता दे.

मला स्वतःला, देवा, एकच दे. माणमध्ये आजी तांब्यातलं उरलेलं पाणी तुळशीला घालायची, भांडी विसळलेलं शेळीला ठेवायची, आणि मोकळ्या जमिनीवर थेंब सांडला तर ओरडायची. ती शिस्त मी शहरात आल्यावर टाकून दिली, कारण इथे नळ होता. ती मला परत दे. पाणी मोजून प्यायची, साठवून वापरायची आणि वाटून घ्यायची बुद्धी दे.

पुढच्या रविवारी सोसायटीची सभा आहे. त्या खड्ड्यावरच्या दोन गाड्या हलवायचा आणि छपराचे पाइप बोअरपर्यंत न्यायचा विषय मी मांडणार आहे. त्यातली एक गाडी माझीच आहे. मृगाच्या आत ते काम होऊ दे, आणि जो कुणी ही प्रार्थना माझ्याबरोबर म्हणेल त्याच्याही छपराचं व्हावं.

मंगलमूर्ती मोरया.